देयक-आदेशाचे एन्कोडिंग: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, जळगाव

देयक-आदेशाचे बाइट कोणत्या फॉरमॅटमध्ये मांडायचे, या निवडीच्या कामाची आजपासून स्वतंत्र नोंद ठेवत आहे. प्रकल्पाचे स्वरूप थोडक्यात असे. रावेर-यावल पट्ट्यात केळीची गाडी भरली की ती वजनकाट्यावर जाते, भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा होऊन काटा पावती निघते, व्यापारी त्यावरून हिशेबपट्टी करतो आणि शेतकऱ्याचे पैसे काही दिवसांनी जमा होतात. या शेवटच्या टप्प्यात व्यापाऱ्याने ‘अमुक सभासदाच्या खात्यात अमुक रक्कम अमुक तारखेस द्यावी’ असा डिजिटल स्वाक्षरीयुक्त आदेश फोनवरून पतसंस्थेला द्यावा आणि त्याचीच छापील प्रत शेतकऱ्याच्या हाती राहावी, एवढाच आमचा हेतू आहे. पैसा हलवण्याचे काम संस्था आणि तिची बँक यांच्याकडेच राहील. २००७ च्या देयक आणि निपटारा प्रणाली कायद्याखाली ज्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते अशी नवी देयक प्रणाली आम्ही उभी करत नाही.

आदेश तीन वाटांनी जाणार आहे: नेटवर्क असेल तेथे इंटरनेटवरून, नसेल तेथे एसएमएसने, आणि शेतकऱ्याच्या पावतीवर क्यूआर म्हणून. तिन्ही वाटांवर बाइट तेच असावेत, ही अट संस्थेने घातलेली नाही. ती मी घातली आहे, आणि तिच्यामुळे काम वाढणार याची कल्पना आहे. पुढे धडगाव भागातले आमचूर खरेदी करणारे व्यापारीही जोडायचे आहेत, आणि सातपुड्याच्या त्या बाजूला एसएमएस हीच भरवशाची वाट असल्याने त्या वाटेला दुय्यम मानून चालणार नाही.

८ जानेवारी

आधीपासून चालत असलेल्या पद्धती पाहिल्या. तुलनेसाठी एकच उदाहरण सर्वत्र घेतले: १,८६५ किलो माल, क्विंटलला १,४२५ रुपये भाव, म्हणजे २६,५७६ रुपये २५ पैसे.

कार्डांच्या व्यवहारांत चालणारे आयएसओ ८५८३ हे मानक १९८७ चे आहे. त्यात संदेशाच्या सुरुवातीला ६४ बिटांचा नकाशा असतो, कोणती क्षेत्रे (रकाने) पुढे आली आहेत हे तो सांगतो, आणि चौथ्या क्षेत्रात रक्कम बारा अंकांत लिहिली जाते: ०००००२६५७६२५. दशांशचिन्ह कोठेच नाही. पैसे किती अंकी धरायचे ते चलनाच्या संकेतांकावरून ठरते, आणि रुपयाचा संकेतांक ३५६ आहे. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या मंडळींनी रकमेच्या बाबतीत दाखवलेली ही शिस्त आजच्या पुष्कळ नव्या एपीआयमध्ये दिसत नाही. मात्र प्रत्येक संस्थेने आपापल्या सोयीची खासगी क्षेत्रे जोडल्याने या मानकाच्या बोली फार झाल्या आहेत, आणि आमच्या छोट्या आदेशासाठी त्यातले नऊ दशांश निरुपयोगी आहे.

एक्सएमएलचा, म्हणजे प्रत्येक भागाला नावाच्या खुणा लावून मजकूर लिहिण्याचा, मार्ग मोठ्यांचा आहे. यूपीआयचे बँकांमधले संदेश एक्सएमएलमध्ये असतात, आणि रिझर्व्ह बँकेची २०१३ मध्ये सुरू झालेली नवी आरटीजीएस आयएसओ २००२२ या बँक-संदेशांच्या मानकावर चालते. बँकेकडे जाताना संस्थेला जे हवे ते तिच्या सर्व्हरवर तयार होईल. व्यापाऱ्याच्या फोनपासून संस्थेपर्यंतच्या टप्प्यात एक्सएमएल आणण्याचे कारण दिसत नाही. एक्सएमएलवरील स्वाक्षरीसाठी आधी मजकुराला प्रमाणरूप द्यावे लागते, आणि स्वाक्षरी एका भागाची पण वाचला गेला दुसराच भाग, अशा तऱ्हेचे हल्ले त्या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत.

दुकानांतल्या क्यूआरसाठी ईएमव्ही या कार्ड-मानक संस्थेने ठरवलेली पद्धत साधी आहे: दोन अंकी ओळख, दोन अंकी लांबी, मग मूल्य. ५४ म्हणजे रक्कम, ५३ म्हणजे चलन, शेवटी ६३ मध्ये तपासणी-बेरीज. ही बेरीज चुकून बिघडलेला संदेश पकडते. मुद्दाम बदललेला नाही.

१० जानेवारी

ॲप लिहिणाऱ्या सहकाऱ्याचा कल जेसनकडे, म्हणजे नाव-मूल्य जोड्यांच्या साध्या मजकूर-फॉरमॅटकडे, आहे आणि त्याची कारणे खरी आहेत: सगळ्या भाषांत सोय आहे, डोळ्यांनी वाचता येते, संस्थेच्या संगणकावर काही अडले तर फोनवरून विचारून दुरुस्त करता येते. तरीही आज दोन गोष्टी त्याच्यासमोर चालवून दाखवल्या.

पहिली रकमेची. जेसन वाचणारे बहुतेक प्रोग्राम (यापुढे ‘वाचक’) त्यातली संख्या ६४ बिटांच्या तरत्या दशांशात, म्हणजे द्विमानातल्या मर्यादित अचूकतेच्या रूपात, घेतात, आणि तेथे ४.३५ ला १०० ने गुणले की ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येते; नंतरचा अपूर्णांक छाटला तर एक पैसा गेला. गंमत अशी की आमच्या नमुन्यातली २६,५७६.२५ ही रक्कम या चाचणीत कधीच सापडली नसती, कारण पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक द्विमानात नेमके बसतात. चाचणीसाठी सोयीच्या रकमा निवडणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही. म्हणून रक्कम पैशांतच, पूर्णांकात, हा नियम फॉरमॅट कोणताही निवडला तरी लागू राहील.

दुसरी गोष्ट क्रमांकांची. त्याच तरत्या दशांशात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढचे पूर्णांक एकास एक टिकत नाहीत. रक्कम म्हणून पाहिले तर ही मर्यादा ९० लाख कोटी रुपयांची आहे आणि खानदेशात तिची चिंता करण्याचे कारण नाही, पण सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून लिहिला तर शेवटचा अंक बदलू शकतो. आरएफसी ८२५९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) हे जेसनचे मानक या मर्यादेची जाणीव करून देते, बंधन घालत नाही. एकाच वस्तूत एकच नाव दोनदा आले तर काय करावे, याबाबतही ते ‘नावे वेगळी असावीत’ इतकेच म्हणते. एका वाचकाने पहिली रक्कम घ्यावी आणि दुसऱ्याने शेवटची, हे देयकात चालणार नाही.

१५ जानेवारी

आजची नोंद लांबणार आहे, कारण सगळ्या निवडीचा काटा जेथे अडकतो ती जागा हीच आहे.

स्वाक्षरी अर्थावर होत नाही, बाइटांवर होते. व्यापाऱ्याच्या फोनने एका क्रमाने बाइट मांडले, त्यांवर स्वाक्षरी केली, आणि संस्थेच्या सर्व्हरने संदेश वाचून, आपल्या रचनेत भरून, पुन्हा बाइट मांडून स्वाक्षरी तपासली, तर अर्थ तसाच राहूनही स्वाक्षरी नापास होऊ शकते. उलट दिशेचा धोका अधिक वाईट आहे: एकाच आदेशाची दोन वेगळी बाइट-रूपे दोन्ही वैध ठरली, आणि नोंद ठेवणाऱ्याने संदेशाचा हॅश (बाइटांवरून काढलेला छोटा ठसा) हीच त्याची ओळख मानली, तर एकच देयक दोन वेगळी देयके म्हणून उभे राहते. बिटकॉइनमध्ये हा प्रश्न प्रत्यक्षात आला. स्वाक्षरी डीईआर या एकच बाइट-रूप ठरवून देणाऱ्या पद्धतीने लिहिली जात होती, पण तपासणारी ग्रंथालये (तयार कोडचे संच) त्या पद्धतीपासून थोडी ढळलेली रूपेही मान्य करत होती. ती सैल वागणूक बंद करणारा काटेकोर नियम जुलै २०१५ मध्ये लागू झाला.

त्यामुळे निवडीचा पहिला निकष आकार नाही आणि वाचनीयताही नाही. एका आदेशाचे एकच बाइट-रूप असावे आणि बाकीची सर्व रूपे वाचकाने नाकारावीत, हा पहिला निकष.

जेसनसाठी असे प्रमाणरूप, म्हणजे ठरवून दिलेले एकच रूप, उपलब्ध आहे. आरएफसी ८७८५ मध्ये नावांचा क्रम, मोकळ्या जागा आणि संख्या लिहिण्याची रीत ठरवून दिली आहे. पण तेथे मजकूर जसाच्या तसा ठेवला जातो आणि आमचा मजकूर देवनागरी आहे. संस्थेने आदेशात ‘तपशील’ असे मोकळे रकाने मागितले होते, आणि व्यवस्थापकांनी नमुना म्हणून ‘शेतकऱ्याची उचल’ असे लिहून दिले. हाच मजकूर तीन कीबोर्डांवर टाइप करून पाहिला. एकाने ‘ऱ’ हे युनिकोडमधले स्वतंत्र अक्षर दिले. दुसऱ्याने साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता दिला. तिसऱ्याने ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा जोडक दिला. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट तीन तऱ्हेचे. युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे वेगळेच राहते. शिवाय यूटीएफ-८ या नेहमीच्या अक्षर-संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला ३ बाइट लागतात, आणि काही जेसन-लेखक अशा अक्षराऐवजी सहा अक्षरी सांकेतिक रूप लिहितात, त्यामुळे पाच संकेतांकांचे ‘जळगाव’ कोठे १५ बाइटांचे होते तर कोठे ३० चे.

संस्थेला विचारले की हा तपशील कशासाठी हवा. उत्तर आले की उचल, अंतिम पट्टी, फरक आणि परतावा एवढेच वेगळे करायचे आहे. मग त्यासाठी अंक पुरतो. मोकळा मजकूर आदेशातून काढला; ‘कारण’ या क्षेत्रात १ ते ४ पैकी अंक येईल आणि पडद्यावर त्याचे मराठी नाव ॲप दाखवेल. शेतकऱ्याचे नावही आदेशात नसेल, सभासद क्रमांक असेल. माणसाला वाचायचा मजकूर हिशेबपट्टीत राहील आणि आदेशात त्या पट्टीच्या हॅशचे पहिले १६ बाइट जातील.

२० जानेवारी

आकारमान काढले. एसएमएसची अडचण अशी की ॲप तयार मजकूर फोनच्या नेहमीच्या एसएमएस खिडकीत ठेवते आणि पाठवण्याचे बटण व्यापारीच दाबतो, त्यामुळे संदेश मजकूर म्हणूनच जाणार. एका एसएमएसमध्ये सात-बिटी अक्षरमालेची १६० अक्षरे बसतात (देवनागरी आली की ७०), आणि बेस-६४ या बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. म्हणजे हाती १२० बाइट. स्वाक्षरी एड२५५१९ या पद्धतीची घेतली तर तिचे ६४ गेले, आदेशाला उरले ५६.

आदेशात आठ गोष्टी: आवृत्ती, देणारा, घेणारा, रक्कम, अनुक्रमांक, वेळ, पट्टीचा हॅश आणि कारण. जेसनमध्ये नावे एकेका अक्षराची ठेवूनही १०३ बाइट झाले, स्वाक्षरी बेस-६४ मध्ये वेगळी ८८. बाद.

सीबॉरमध्ये (जेसनसारखीच रचना, पण मजकुराऐवजी थेट बाइटांत), नावांऐवजी १ ते ८ अंक ठेवून, ५३ बाइट झाले. बसते. रक्कम कशी मांडली जाते ते एकदा हाताने उकलून पाहिले: २६५७६२५ पैशांसाठी २६, ०, ४०, १४१, ८९ असे पाच बाइट येतात. पहिला २६ सांगतो की हा धन पूर्णांक आहे आणि पुढे चार बाइट आहेत. ४० गुणिले ६५,५३६, अधिक १४१ गुणिले २५६, अधिक ८९, बेरीज जुळते. या पाच बाइटांत ४ कोटी २९ लाख रुपयांपर्यंतची रक्कम मावते.

प्रोटोबफ या दुसऱ्या बाइट-फॉरमॅटमध्ये तोच आदेश ४५ बाइटांत बसला, म्हणजे आकारात तो पुढे आहे. तरीही तो घेणार नाही. संदेशाचे बाइट-रूप निरनिराळ्या भाषांत आणि आवृत्त्यांत सारखेच राहील याची हमी देत नाही, असे त्याचे स्वतःचे दस्तऐवज सांगतात. क्षेत्रांचा क्रम बदलू शकतो, तेच क्षेत्र दोनदा आले तर शेवटचे धरले जाते, आणि लहान संख्या लांब करून लिहिली तरी वाचक ती घेतो. सेवांमधल्या आपसातल्या बोलण्याला हे चालते. स्वाक्षरी पेलण्यासाठी ते बनवलेले नाही.

२२ जानेवारी

डीईआरला न्याय द्यायला हवा, कारण ‘एकच रूप’ ही अट त्याने जन्मापासून पाळली आहे आणि इंटरनेटवरील प्रमाणपत्रे त्याच पद्धतीने लिहिली जातात. आमचा आदेश त्यात ५२ बाइटांचा होतो, सीबॉरपेक्षा एकाने कमी. नकाराचे कारण तांत्रिक शुद्धतेचे नाही. काट्याजवळच्या छोट्या उपकरणावर चालेल अशी आटोपशीर सी ग्रंथालये सीबॉरसाठी सहज मिळतात, त्याची रचना आरएफसी ८६१० च्या भाषेत एका पानावर मांडता येते, आणि मी नसताना हा कोड सांभाळणाऱ्या मुलाला डीईआरमागची एएसएन.१ ही रचना-भाषा शिकवण्यात महिना घालवावा असे मला वाटत नाही. डीईआरच्या नावाखाली त्याचे सैल भावंड बीईआर वाचणारी ग्रंथालये पुष्कळ आहेत, हा धोका बिटकॉइनच्या प्रकरणात दिसलाच आहे.

२७ जानेवारी

सीबॉर पक्के झाले, पण सीबॉर म्हटले की काम संपत नाही. आरएफसी ८९४९ (डिसेंबर २०२०) मध्ये निश्चित-रूप एन्कोडिंगचे नियम आहेत: संख्या सर्वांत लहान रूपात, लांबी आधी जाहीर, चाव्या (म्हणजे क्षेत्रांची नावे किंवा अंक) बाइटांच्या क्रमाने. त्याआधीच्या २०१३ च्या आरएफसी ७०४९ मध्ये चाव्यांचा क्रम लांबीवर ठरत असे. काही ग्रंथालयांत ‘प्रमाणरूप’ हा पर्याय अजून जुन्या नियमाने चालतो. १ ते ८ या चाव्यांना दोन्ही नियम सारखेच उत्तर देतात, तरी पुढे कोणी २३ पेक्षा मोठी चावी आणि उणे १ सारखी ऋण चावी एकत्र घातली की ते वेगळे होतील.

यावर सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न नेमका होता: आठही क्षेत्रे नेहमीच असणार, तर चाव्या हव्यातच कशाला? चाव्या काढून साधी यादी केली की आदेश ४५ बाइटांवर येतो, प्रोटोबफच्या बरोबरीला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाव्यांचा क्रम आणि दुबार चावी हे दोन्ही प्रश्न शिल्लकच राहत नाहीत. नियम लिहून पाळायला लावण्यापेक्षा तो मोडण्याची जागाच न ठेवणे केव्हाही बरे. क्षेत्र वाढवायचे झाल्यास आवृत्तीचा अंक बदलेल आणि ओळखीची नसलेली आवृत्ती वाचक नाकारेल. ऐच्छिक क्षेत्रांची लवचिकता गेली, ती जाऊ द्यावी असे आमचे मत पडले.

स्वाक्षरीसाठी कोसे हे सीबॉरचे सोबती मानक आहे. त्याचे वेष्टन सर्वांत कमी म्हणजे १० बाइटांचे पडते: ४५, १० आणि ६४ मिळून ११९, म्हणजे एसएमएसची १६० अक्षरे काठोकाठ. बसते खरे, पण पुढे एकही क्षेत्र वाढवता येणार नाही, आणि व्यापाऱ्यांच्या बाजूने देय तारखेची मागणी आधीच आलेली आहे. शिवाय कोसेच्या शीर्षकाचा एक भाग स्वाक्षरीच्या कक्षेबाहेर असतो. तो रिकामाच हवा असा वेगळा नियम करावा लागतो. हॅश १६ ऐवजी ८ बाइटांचा करून जागा काढावी अशी सूचना आली होती. ती मान्य केली नाही, कारण पट्टी बनवणारा आणि आदेश देणारा येथे एकच पक्ष आहे. सारखा हॅश देणाऱ्या दोन पट्ट्या आधीच शोधून ठेवण्याचे काम ८ बाइटांत साध्या संगणकाच्या आवाक्यात येते.

ठरले ते असे. सीबॉरची यादी, देय तारीख दिवसांच्या क्रमाने ३ बाइटांत जोडून एकूण ४८, आणि तिच्यामागे स्वाक्षरीचे ६४ बाइट, कोणतेही वेष्टन नाही. एकूण ११२, बेस-६४ मध्ये १५२ अक्षरे. स्वाक्षरी करताना आदेशाआधी प्रोटोकॉलच्या नावाचे ठरीव बाइट जोडले जातील, म्हणजे स्वाक्षरीच्या याच गुप्त चावीने दुसऱ्या कामासाठी केलेली स्वाक्षरी येथे चिकटवता येणार नाही. स्वाक्षरीची पद्धत आवृत्तीला बांधलेली राहील, संदेशात ती निवडता येणार नाही. आणि संस्थेचा सर्व्हर आलेले ४८ बाइट तसेच जपून त्यांवरच स्वाक्षरी तपासेल, वाचून पुन्हा मांडलेल्या बाइटांवर नाही.

४ फेब्रुवारी, रावेर

काट्यावर पावतीची चाचणी घेतली. क्यूआरमध्ये कच्चे बाइट ठेवले तर बरेच स्कॅनर त्यांना मजकूर समजून मोडतोड करतात, म्हणून बेस-४५ ही क्यूआरला सोयीच्या ४५ अक्षरांत बाइट लिहिण्याची पद्धत घेतली. युरोपीय संघाच्या २०२१ च्या कोविड प्रमाणपत्रांत सीबॉर, कोसे आणि बेस-४५ हीच साखळी होती. ११२ बाइटांची १६८ अक्षरे होतात, आणि मध्यम दुरुस्ती-पातळीच्या सातव्या आवृत्तीच्या क्यूआरमध्ये १७८ मावतात. तो ४५ गुणिले ४५ घरांचा असतो. दोन्ही बाजूंची कोरी पट्टी धरून ५३ घरे, प्रत्येक घर ७ ठिपक्यांचे केले तर ३७१. ५८ मिलिमीटर कागदाच्या छपाईयंत्रात ३८४ ठिपके असतात. मोठा क्यूआर लागला असता तर घर लहान करावे लागले असते.

आणि घर मोठे असण्याची गरज येथे लगेच कळते. गाडी भरणाऱ्यांच्या हातांना केळीचा चीक असतो, तो कागदावर काळा पडतो आणि धुऊन जात नाही. मध्यम पातळीवर सुमारे १५ टक्के भाग बिघडला तरी क्यूआर वाचला जातो. कोपऱ्यातल्या तीन चौकोनांपैकी एकावरच डाग बसला तर मात्र ही टक्केवारी कामाची नाही. पावतीवर क्यूआर कडेला होता, तो मधोमध घेतला, कारण कागद अंगठ्यात धरला जातो तो कडेनेच.

१० फेब्रुवारी

नाकारण्याच्या नमुन्यांची फाइल पूर्ण केली. स्वीकारण्याच्या नमुन्यांपेक्षा ती मोठी आहे आणि असायलाच हवी. त्यात कारणाचा अंक ३ हा २४, ३ अशा दोन बाइटांत लिहिलेला आदेश आहे, तीच रक्कम २७ ने सुरू करून नऊ बाइटांत फुगवलेली आहे, लांबी न सांगता उघडलेली आणि २५५ ने बंद केलेली यादी आहे, तरता दशांश आहे, आणि आदेश व स्वाक्षरी यांच्यामध्ये एक जादा शून्य बाइट घातलेला संदेश आहे. या प्रत्येकावर बरोबर चावीने खरी स्वाक्षरी केली आहे, म्हणजे नकार स्वाक्षरीमुळे नव्हे तर रूपामुळेच यावा. सर्व्हरच्या ग्रंथालयाने फुगवलेली रक्कम निमूटपणे घेतली. त्यामुळे वाचून झाल्यावर पुन्हा मांडायचे, आणि आलेल्या बाइटांशी तंतोतंत जुळले नाही तर फेकायचे, अशी पायरी सर्व्हरवर जोडली. ही पुनर्मांडणी फक्त तुलनेपुरती आहे, स्वाक्षरीची तपासणी मूळ बाइटांवरच होते.

दुबार आदेश ओळखण्यासाठी संदेशाचा हॅश वापरायचा नाही, देणारा आणि अनुक्रमांक ही जोडी वापरायची, हेही आज दस्तऐवजात लिहिले. एसएमएस दोनदा पोहोचणे धडगावकडे नवे नाही. दुसऱ्या वेळी सर्व्हर आधीचीच पोच परत देईल. त्याच जोडीवर वेगळे बाइट आले तर मात्र पोच मिळणार नाही आणि प्रकरण संस्थेच्या व्यवस्थापकांच्या पडद्यावर जाईल. नमुन्यांची फाइल काट्याच्या उपकरणावर चालवणे बाकी आहे. ते उपकरण फैजपूरहून आले की घेऊ.